तीन नंबरच्या आर्मचा सांधा

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे.

रात्रीची असती तर बरं झालं असतं. अंधारावर ढकलून मोकळा झालो असतो. पण लख्ख ऊन होतं, समुद्र समोर पसरलेला होता आणि ज्यांनी पाहिलं ते पूर्ण शुद्धीत होते. खोटं सांगून मला काय मिळणार? जेट्टीवर कॅन्टीन चालवण्यात माझा जन्म गेला. जेट्टीवरचे जुसबभाई आणि नानजी, दोघांकडूनही मी हे वेगवेगळ्या वेळी ऐकलं आहे. दोघांच्या सांगण्यात कुठेही फरक पडला नाही.

जेट्टीचं नाव सांगत नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर सलायापासून जवळच आहे, एवढं पुरे.

तेलाचं जहाज लागलं की जेट्टीवरचे मोठे लोखंडी हात पुढे होतात आणि जहाजाच्या पाइपाला जोडले जातात. त्यांना सगळे आर्म म्हणतात. जहाज लाटेवर वरखाली झालं की आर्मही वरखाली होतो, कारण त्याला जागोजागी फिरते सांधे असतात. सांध्यात बेअरिंग असतं. बेअरिंग झिजलं की सांध्याला प्ले येतो, म्हणजे तो डुगडुगतो. मग सील कापलं जातं आणि तेल गळतं. तेल गळलं तर एक ठिणगी पुरते.

हा प्ले काढायचं काम जुसबभाईंचं.

जुसबभाई सलायाचे, वाघेर, म्हणजे दर्यावर्दी मुसलमान. अंगाने काटक, बोलायला कमी. सांध्याच्या दोन कड्यांमध्ये कागदाएवढ्या पातळ पत्र्या असतात, शिम म्हणतात त्यांना. एक शिम काढायची, बोल्ट समोरासमोरचे धरून सारखे आवळायचे, मग सांधा हलवून बघायचा. नानजी आर्म हलवायचा आणि जुसबभाई दोन कड्यांच्या फटीवर उजव्या अंगठ्याचं नख आडवं धरायचे. केसाएवढाही प्ले असला तरी नखाला कळायचा. त्यासाठी ते नख त्यांनी कायम वाढवलेलं असे. नानजी त्यावरून चिडवायचा.

"मेंदी लाव त्याला, जुसबा. शोभून दिसेल."

नानजी खारवा, तोही दर्यावर्दी समाजातला. माझा दोस्त, म्हणून त्याला एकेरीच म्हणतो.

त्या वर्षी मे महिना संपत आला होता. सलायाची गलबतं पावसाळ्याआधी घरी परततात. एक एक करून सगळी परतली होती, किनाऱ्यावर ओढलीही गेली होती.

एक राहिलं होतं. सफीना.

सफीनावर जुसबभाईंचा मुलगा होता. इलियास. एकुलता एक.

अरबस्तानाच्या बाजूला वादळ झालं होतं. त्यानंतर सफीनाचा फोन लागत नव्हता. तांडेलाचाही नाही, कोणाचाच नाही. घरी हवाबाई, म्हणजे जुसबभाईंची बायको, रोज जेवायला बसताना इलियासची ताटली मांडायची. जेवण झाल्यावर ती तशीच उचलून ठेवायची, पालथी मात्र घालू द्यायची नाही.

"सुट्टी घे की," नानजी म्हणाला.

"घरी बसून काय करू? ती ताटली बघत बसू?"

म्हणून ते कामावर आले. डोळे सुजलेले, चाल जड. हात फक्त सवयीने चालत होते.

तीन नंबरच्या आर्मचा बुडाचा सांधा वाजत होता. दुसऱ्या दिवशी जहाज लागणार होतं. त्याआधी प्ले काढून द्यायचा होता.

आर्म रिकामा होता. तेल काढून टाकलेलं. त्याच्या मागे वजन असतं, त्यामुळे तो तराजूसारखा तोललेला असतो. जिथे सोडाल तिथे उभा राहतो. काम करायला सोपं जावं म्हणून दोघांनी त्याची खीळ काढली आणि तो समुद्राच्या बाजूला पुढे केला. टोक पाण्यावर लोंबत राहिलं. खाली जहाज नाही, होडी नाही, काही नाही.

जुसबभाईंनी एक शिम काढली. बोल्ट आवळले. नख लावलं.

"हलव."

नानजीने हलवलं.

"निघाला प्ले. चल, रोटला खाऊन घेऊ."

दोघे सावलीला जाऊन बसले. बाजरीचा रोटला, कांदा, लसणाची चटणी. जुसबभाईंनी दोन घास खाल्ले आणि बाकीचं फडक्यात गुंडाळलं.

तेवढ्यात...

टक.

नानजीने चावणं थांबवलं.

टक... टक...

"वारा असेल," नानजी म्हणाला.

वारा नव्हता. जेट्टीवरचं निशाण काठीला चिकटून पडलं होतं.

जुसबभाई उठले. सांध्यापाशी गेले. नख लावलं.

प्ले होता.

"आत्ता तर काढला होता ना?" नानजी म्हणाला. "की तुझं नखच झिजलंय?"

जुसबभाईंनी पाना उचलला. पुन्हा बोल्ट सैल केले. आणखी एक शिम काढली. पुन्हा आवळले. या वेळी एवढं घट्ट केलं की आर्म हलवायला नानजीला खांदा लावावा लागला.

मागे फिरून पाने गोळा करेपर्यंत...

टक.

आता नानजी चिडवत नव्हता. तो इकडेतिकडे बघायला लागला. आणि मग त्याला ते दिसलं.

एक नंबरच्या आर्मवर समुद्रपक्षी बसलेले होते. दोन नंबरवर होते. चार नंबरवर तर दाटीवाटीने होते.

तीन नंबरवर एकही नव्हता.

"जुसबा..."

"काय?"

"टोकाकडे बघ."

आर्मचं टोक खाली जात होतं. हळूच खाली गेलं... थांबलं... आणि झटक्यात वर आलं. पुन्हा खाली. पुन्हा वर. जहाज जोडलेलं असताना जसं होतं, अगदी तसं. फक्त जहाज नव्हतं. आणि खालचा समुद्र तव्यासारखा सपाट होता.

टक... टक...

नानजी मागे सरकला. "चल इथून. हे बेअरिंगचं काम नाही."

जुसबभाई गेले नाहीत. त्यांनी पाना खाली ठेवला. हात पँटला पुसला. आणि आर्मवर टेकवला.

नानजी सांगतो, त्या क्षणी त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी नाव घेऊन हाक मारली.

"वजन आहे," जुसबभाई म्हणाले.

"कसलं वजन? टोक उघडं आहे. दिसतंय ना!"

"टोकाला वजन आहे. हात लाव."

"मी नाही लावत."

जुसबभाईंनी डोळे मिटले. आयुष्यभर या आर्मवर हात ठेवून त्यांनी जहाजं ओळखली होती. मोठा टँकर हळू उठतो आणि हळू बसतो, म्हातारा माणूस पाटावरून उठतो तसा. हे तसं नव्हतं. हे लहान होतं. पटकन चढत होतं, दाणकन आदळत होतं, आणि प्रत्येक आदळण्याबरोबर थोडं आडवं व्हायला बघत होतं.

त्यांनी दुसराही हात टेकवला.

मग म्हणाले, "लाकडी आहे."

नानजी त्यांच्याकडे बघतच राहिला. लाकडी जहाज या जेट्टीला कधीच लागत नाही. लाकडी असतं ते गलबत.

"डोकं फिरलंय तुझं. झोप नाही, जेवण नाही. जुसबा, ऐक माझं..."

"समुद्र खवळलेला आहे तिथे. सुकाणू नाही त्याला. नुसतं या आर्मवर लटकलंय." आणि मग त्यांचा आवाज चिरकला. "आणि मी दोन शिम काढल्या रे. सांधा घट्ट केला. त्याला किती झटके बसले असतील!"

पाना उचलून ते बोल्ट सैल करायला लागले.

हेतलबेन आली ती याच वेळी. जेट्टीची इंजिनीअर. तरुण, कामाला वाघीण, आणि माणसांशी नीट वागणारी. सलग दोन पाळ्या करून तीही पेंगुळली होती. हातात डायल होता, सांध्याचा प्ले मोजायचा.

"झालं का, जुसबभाई?"

"नाही बेन. आज राहू द्या."

"राहू द्या? उद्या जहाज आहे. प्ले ठेवून मी आर्म कसा जोडू? सील गेलं तर? इथे माणसं उभी असतात, भाई."

तिचं काही चुकत नव्हतं. हीच गोष्ट जुसबभाईंनी स्वतः कितीतरी पोरांना शिव्या देऊन शिकवली होती.

तिने डायल लावला. काटा हलायला लागला. डावीकडे... उजवीकडे... डावीकडे...

"आर्म कोण हलवतंय?" तिने विचारलं.

नानजीने रिकामे हात दाखवले.

तिने वर बघितलं. टोकाकडे बघितलं. मग वाकून पाण्याकडे बघितलं. परत काट्याकडे.

"बांधून घ्या याला," ती हळू आवाजात म्हणाली. "मागे ओढा आणि खीळ घाला. आत्ताच्या आत्ता."

जुसबभाई तिच्यासमोर उभे राहिले. या माणसाने कधी कुणापुढे हात जोडले नव्हते. तेव्हा जोडले.

"बेन, मागे ओढू नका. माझं पोर आहे त्याच्यावर."

हेतलबेनला सफीनाची बातमी माहीत होती. सगळ्या जेट्टीला माहीत होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली. पुन्हा एकदा टोकाकडे बघितलं. डायल काढून घेतला आणि डबीत ठेवला.

"नानजीभाई, लाल पट्टी आणा. तीन नंबर बंद. उद्याचं जहाज बाकीच्या आर्मवर भरू. वेळ लागेल, लागू दे."

"वरच्यांना काय सांगायचं?" नानजीने विचारलं.

"माझं नाव सांगा."

आणि ती निघून गेली. मागे वळून एकदाही बघितलं नाही.

मग ती सगळी दुपार जुसबभाईंनी जे केलं ते त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. ज्या माणसाने जन्मभर प्ले काढला, तो प्ले देत बसला.

काढलेल्या दोन्ही शिम त्यांनी परत घातल्या. झटके मोठे व्हायला लागले तेव्हा तिसरी जादा घातली. आर्मवर एक हात ठेवायचा. ओढ वाढली की बोल्ट थोडे सोडायचे. ओढ कमी झाली की थोडे आवळायचे. निळं ग्रीस भरायचं. पुन्हा हात ठेवायचा. ऊन डोक्यावर होतं. घाम डोळ्यांत जात होता. पाण्याचा तांब्या नानजीने ओठांना लावला तेवढाच.

"बैस जरा," नानजी म्हणाला. "मी धरतो."

शेवटी त्यानेही हात लावला. काय लागलं ते तो आजही सांगत नाही. इतकंच म्हणतो, "कोणीतरी दुसऱ्या बाजूने धरलं होतं."

ऊन कलायला लागलं.

टक... टक...

आणि मग...

काही नाही.

आर्म अलगद वर आला. तोललेला, हलका, रिकामा. जिथे आला तिथे उभा राहिला.

जुसबभाईंनी दोन्ही हात लावले. गाल लावला. वजन गेलं होतं.

किनाऱ्याला लागलं म्हणून सुटलं, की बुडालं म्हणून सुटलं? कळायला काही मार्ग नव्हता.

जुसबभाई तिथेच खाली बसले. रडलेसुद्धा नाहीत. रडायलाही अंगात जोर लागतो.

थोड्या वेळाने एक पक्षी आला आणि तीन नंबरच्या आर्मवर बसला.

त्यानंतरचे दिवस त्या घराने कसे काढले, ते हवाबाईलाच माहीत. ताटली मांडायची, उचलायची.  आणि एका सकाळी खाडीच्या तोंडाशी एक गलबत दिसलं. शीड फाटलेलं, दुसऱ्या गलबताने दोर लावून ओढत आणलेलं.

सफीना.

सगळे जिवंत होते.

इलियास आईच्या कुशीत शिरून लहान पोरासारखा रडला. मग म्हणाला, "अब्बा, इंजिन बंद पडलं, सुकाणू तुटलं. गलबत लाटेला आडवं झालं की संपलं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते आडवं होईचना. कोणीतरी पुढून नाळ धरून ठेवली होती. समोर काहीच नाही, आणि नाळेवर नुसतं टक टक वाजतंय. आधी फार जोरात हिसके बसले. वाटलं, फळ्या उचकटणार. मग जो कोणी धरत होता, त्याने हात सैल सोडला."

"कोणत्या वेळी?" नानजीने विचारलं.

"दुपारच्या जोहरच्या नमाजानंतर. ऊन कलेपर्यंत, असरपर्यंत. मग लाटाच बसल्या."

जुसबभाई वळले. चालत गलबताच्या पुढच्या टोकाशी, नाळेपाशी गेले. हवाबाईला वाटलं, दुवा मागताहेत.

नाळेच्या लाकडावर एक मोठं कडं उमटलं होतं. खोल दाबलेलं. कड्यावर सारख्या अंतरावर बोल्टांच्या गोल खुणा.

आणि खुणांमध्ये निळं ग्रीस.

ते ग्रीस कोणी गलबतावर वापरत नाही. जुसबभाईंनी बोटाने पुसून बघितलं. दोन बोटांत चोळलं. वास घेतला. ते ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

खरं म्हणजे गोष्ट इथे संपायला हवी होती. मी खूप जणांना इथपर्यंतच सांगतो. ऐकणारे खूश होऊन जातात.

पुढचं सांगवत नाही.

जुसबभाई निवृत्त झाले. हेतलबेनची बदली झाली. दुरुस्तीचं काम एका कंत्राटदाराकडे गेलं. नानजी तेवढा राहिला. तीन नंबरचा आर्म पुन्हा चालू झाला, कुरकुर न करता चालला. लाल पट्टी कधीच निघाली होती.

गेल्या वर्षीची गोष्ट. पावसाळा चालू होता, पण दोन दिवस उघडीप होती. सलायाची सगळी गलबतं किनाऱ्यावर ओढलेली. समुद्रात आमच्याकडचं कोणी नव्हतं.

दुपारी नानजी कॅन्टीनमध्ये आला. माझ्यासमोर बशीत चहा ओतला आणि प्यायलाच विसरला.

"काय रे?"

"वाजतंय," तो म्हणाला.

मी बाहेर येऊन बघितलं. एक नंबरवर पक्षी होते. दोनवर, चारवर होते.

नानजीने माझ्यासमोरच जुसबभाईंना फोन लावला.

"जुसबा, तुझा सांधा वाजतोय."

फोन स्पीकरवर होता. तिकडून त्यांनी विचारलं, "हात लावलास?"

"लावला."

"लाकडी की लोखंडी?"

नानजीने माझ्याकडे बघितलं. 

"लहान आहे, जुसबा. फार लहान. होडीसुद्धा नाही..." त्याने फोन दुसऱ्या हातात घेतला. "माणसाएवढं वजन आहे."

"कोणाला आवळू देऊ नको. मी निघालो."

सलायाहून छकडा रिक्षात बसून ते आले. गुडघे गेलेले, दम लागलेला. आणि फाटकावर अडले. पहारेकरी नवा होता.

"चाचा, पास?"

"बेटा, मी इथे अख्खी नोकरी केली आहे."

"असेल, चाचा. पण पासाशिवाय कसं सोडू? साहेबांना फोन करतो, बसा जरा."

पोरगा भला होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. साहेब जेवायला गेले होते. जुसबभाई खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. मी फाटकाच्या आतल्या बाजूला उभा होतो. तिथपर्यंत आवाज येत होता.

टक... टक...

आत नानजी कंत्राटदाराच्या माणसांशी भांडत होता. त्यांना तो काय सांगणार होता? सांधा वाजतो म्हणून ते आवळायला आले होते. त्यांचं काम ते करत होते.

टक...

मग आवाज थांबला.

जुसबभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

साहेबांचा फोन आला. पहारेकऱ्याने त्यांना आत सोडलं. ते सावकाश चालत तीन नंबरपाशी गेले. आता घाई कसली.

कंत्राटदाराचा मुकादम हसतमुख होता. "या काका! तुम्हीच ते जुसबभाई ना? बघा जरा आमचं काम. एक शिम जास्तीची होती आत. कोणी घातली होती कोण जाणे. काढून टाकली."

त्याच्या तळहातावर ती होती. कागदाएवढी पातळ.

जुसबभाईंनी अंगठ्याचं नख फटीवर आडवं धरलं.

"हलव," ते नानजीला म्हणाले.

नानजीने हलवलं.

केसाएवढाही प्ले नव्हता.

"चोख केलंयस, बेटा," जुसबभाई मुकादमाला म्हणाले. त्याच्या हातातली शिम त्यांनी मागून घेतली आणि खिशात घातली.

ते कोण होतं, कुठे होतं, आजवर कळलं नाही. पुढे बरेच दिवस मी कान लावून होतो. पोरबंदर, मांडवी, वेरावळ, कुठूनही कोणी बुडाल्याची बातमी आली नाही. नानजी म्हणतो, बरंच झालं. मला तसं वाटत नाही. बातमी आली असती तर निदान त्या माणसाला नाव तरी असतं.

जुसबभाई हल्ली दुपारी घरी थांबत नाहीत. उन्हातान्हात सलायाच्या बस स्टँडवर जाऊन बसतात. किनाऱ्याकडच्या गावांची बस आली की उठतात, उतरणाऱ्या एकेकाला अडवतात आणि विचारतात, "तुमच्याकडचं कोणी परत यायचं राहिलंय का?"

लोक नाही म्हणून पुढे निघून जातात. ते परत येऊन बाकावर बसतात आणि पुढच्या बसची वाट बघतात.